पाळण्यात घातल्याची नोंद सापडते, बाहेर काढल्याची नाही

सिनॉप्सिस घेऊन गाइडसमोर बसलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साधनं कोणती?" विषय कितीही आवडीचा असो, याला उत्तर नसेल तर तो तिथंच गळतो. मी घरगुती वस्तूंच्या इतिहासावर काम करते. खाट, पाळणा, गोधडी, पेटी असल्या गोष्टी, आणि क्षेत्र वसई-विरारचा पट्टा. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. आज एकच साधा प्रश्न घेऊ आणि तो साधनांपर्यंत कसा न्यायचा ते बघू. लहान मूल पाळण्यातून निघून अंथरुणावर कधी झोपायला लागलं, आणि ते कुणी ठरवलं?

आधी हा प्रश्न जिथे सोपा आहे तिथे जाऊ. अमेरिकेत मुलाच्या कठड्याच्या खाटेला, म्हणजे क्रिबला, कायद्यानं माप आहे. १९७३ साली तिथल्या सरकारनं नियम केला की कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. एक बाजू खाली सरकणारे क्रिब २०११ पासून विकायलाच बंदी झाली. मूल सुमारे ८९ सेंटिमीटर उंच झालं, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या छातीशी येऊ लागला, की त्याला मोठ्या बिछान्यात हलवा, असं तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्याहून मागे गेलात तर १८९४ साली एमेट होल्ट या डॉक्टरांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेलं बालसंगोपनाचं पुस्तक आहे, जे पुढे अनेक वर्षं अमेरिकन घरांत वाचलं गेलं. मुलाला आईच्या बिछान्यात झोपवू नये आणि झुलवून झोपवण्याची तर अजिबात गरज नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. झोपेत आईच्या अंगाखाली मूल गुदमरण्याची भीती हे त्याचं एक कारण.

म्हणजे तिथल्या संशोधकाकडे नियम आहेत, दुकानांचे कॅटलॉग आहेत, डॉक्टरांची पुस्तकं आहेत. मूल क्रिबमधून बाहेर आलं हा तिथे एक प्रसंग आहे आणि त्याचे कागद आहेत.

आता हाच प्रश्न उचलून वसईला आणा. पहिल्या शब्दालाच अडखळाल. वसईतल्या एखाद्या ख्रिस्ती आजींना "तुमच्या लहानपणी घरी क्रिब होता का?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "हो, दर नाताळला असायचा." कारण वसईच्या ख्रिस्ती घरांत क्रिब म्हणजे ख्रिस्तजन्माचा गोठा, गवत अंथरून, मेंढपाळ आणि गाईगुरं मांडून केलेला. त्या चुकलेल्या नाहीत. इंग्रजीतल्या या शब्दाचा जुना अर्थ गव्हाण असाच आहे, मुलाची खाट हा अर्थ नंतरचा. तुमची मुलाखत मात्र फसली. प्रश्नावली इंग्रजीत बनवून मग मराठीत उतरवायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि अशा जागी ती महागात पडते. उत्तर मिळतं, टेपवर येतं, कोडिंगही होतं, फक्त ते वेगळ्याच प्रश्नाचं असतं.

दुसरा शब्द "बेड". आपल्याकडे या अर्थाचा जुना, रोजचा शब्द अंथरूण. शब्द नीट बघा: जे अंथरतात ते अंथरूण. रात्री घालायचं, सकाळी गुंडाळून वळकटी करून कोपऱ्यात किंवा माळ्यावर टाकायचं. दिवसा ते घरात जागाच अडवत नाही. मग पाळण्यातून "बेडवर" गेलं म्हणजे कुठे गेलं? जुन्या घरात बहुतेक माणसांचा ठरलेला पलंगच नव्हता. माजघरात ओळीनं गाद्या-गोधड्या पडायच्या आणि त्या ओळीत कुठेतरी मूल असायचं. खाट असलीच तर ती म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा बाळंतीण यांच्यासाठी.

बाळंतिणीची बाज हा या सगळ्यातला मला सगळ्यात उपयोगी पडलेला धागा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. सुंभाची किंवा काथ्याची विणलेली बाज, खाली शेगडी, शेगडीत ओवा-वावडिंगाची धुरी. बाई बाजेवर आणि मूल तिच्या कुशीत, नाहीतर बाजेला लागून टांगलेल्या पाळण्यात. सव्वा महिना झाला की ती बाजेवरून उठते, देवाला जाते, घरकामाला लागते. आईचं खाटेवरून उतरणं असं दिवस मोजून ठरलेलं आहे. ते गावोगाव लक्षात ठेवलं जातं, विचारलं की लगेच सांगता येतं. तिच्या शेजारच्या पाळण्यातलं मूल मात्र कधी उतरलं हे विचारलंत तर समोरची बाई क्षणभर तुमच्याकडे बघत राहील. "असंच. मोठं झालं की."

हे "असंच" हाताळायचं कसं, हाच आजचा खरा मुद्दा.

पाळण्यात जाण्याच्या बाजूला बघा किती गर्दी आहे. बारावा दिवस, बारसं. आजोळहून आलेला पाळणा, बाळंतविडा, अंगडं-टोपडं, कुंची, पाळण्यावर बांधलेलं चिमणाळं. वरवंटा गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देणाऱ्या बायका, कानात सांगितलेलं नाव, घुगऱ्या. गाण्याच्या प्रकारालाच "पाळणा" म्हणतात. रामाचे पाळणे, कृष्णाचे पाळणे, शिवाजी महाराजांचे पाळणे. रामनवमीला दुपारी बारा वाजता देवळात पाळणा हलतो. शिवजयंतीला शिवनेरीवर पाळणा असतोच. मूल होण्यासाठी नवस बोलून देवळात लहानसे पाळणे बांधतात. भाषेतही तेच. घरात पाळणा हलला म्हणजे मूल झालं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. सरकारी आरोग्य खात्यानं दोन मुलांत अंतर ठेवा हे सांगायला "पाळणा लांबवा" हाच वाक्प्रचार धरला. रिकामा पाळणा हलवू नये हा संकेत अजून कितीतरी घरांत पाळतात, इंजिनिअर झालेल्या सुनाही पाळतात.

आणि बाहेर येण्याच्या बाजूला? एक म्हण आठवा. एक विधी सांगा. मी बरेच दिवस शोधतेय. उष्टावण आहे, जावळ आहे, बोरन्हाण आहे. यातलं बोरन्हाण नेमकं या वयातल्या मुलांना घालतात. पण ते संक्रांतीचं आहे, झोपण्याशी त्याचा संबंध नाही.

छापील साधनांतही हाच तोल दिसतो. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि ठाण्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड १८८२ चा. त्यात जातवार वर्णनं आहेत: जन्म, नाव ठेवणं, लग्न, मरण. अधिकाऱ्यानं विचारलं काय असेल याची कल्पना करा. "तुमच्यात मूल झालं की काय करतात?" त्याला विधी सांगितले गेले, त्यानं विधी लिहिले. त्याच्याही मागे जायचं तर पोर्तुगीज कागद. वसई १५३४ च्या तहानं पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. या काळातलं एक गाजलेलं साधन म्हणजे गोव्याच्या इन्क्विझिशनचं १७३६ चं फर्मान. नवख्रिस्ती लोकांनी कोणत्या हिंदू चालीरीती पाळायच्या नाहीत याची त्यात लांबलचक यादी आहे. अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरच्या १९६१ च्या इंग्रजी पुस्तकात ती वाचायला मिळते. बंदीच्या याद्या हे फार चांगलं साधन असतं. ज्यावर बंदी घालावी लागली ते लोक करत होते, हे त्यातून कळतं. पण यादी करणाऱ्याला धर्म ज्यात दिसतो तेवढंच तो टिपतो. चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांचंही तसंच. आयुष्याच्या दारात येण्याची तारीख आहे, घरात कोण कुठे झोपलं ते नाही. आणि अलीकडच्या जनगणनेतसुद्धा घरात खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती हे विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात झोपायच्या खोल्या मोजतात, गादी आणि खाट-पलंग आहे का तेही विचारतात. पाळणा त्या यादीत नाही.

इथे नवीन संशोधकाला एक मोह होतो. नोंद नाही, म्हणजे लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं, असा निष्कर्ष काढायचा. बालपणाच्या इतिहासात हा वाद चांगलाच रंगलाय. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकारानं १९६० साली असं मांडलं की मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती, आणि त्यासाठी त्यानं चित्रांचा बराच आधार घेतला. चित्रांत मुलं छोट्या मोठ्या माणसांसारखी दिसतात, वगैरे. पुढे टीका झाली. लिंडा पोलॉक यांनी १९८३ च्या पुस्तकात डायऱ्या आणि आत्मचरित्रं चाळून दाखवलं की आईबापांची माया आणि काळजी तेव्हाही भरपूर होती, ती वेगळ्या कागदांत होती. आरिएस वाचाच, पण पोलॉकशिवाय वाचू नका. आपल्या प्रश्नाला याचा थेट उपयोग आहे. पाळण्यातून उतरण्याचा विधी नाही, तेव्हा ते घडताना कुणाचं लक्षच नव्हतं असं म्हणता येणार नाही. ते लक्ष कुठल्या वस्तूत, कुठल्या शब्दात उरलंय ते शोधायचं.

मला ते पहिल्यांदा देव्हाऱ्यात दिसलं. पाळण्यातल्या कृष्णानंतर घरोघरच्या देव्हाऱ्यात कुठला कृष्ण असतो? रांगणारा. एक गुडघा टेकलेला, हातात लोण्याचा गोळा. मधली पायरीच नाही. पाळण्यातून मूल थेट जमिनीवर आलं. विचार करा, अमेरिकन मूल क्रिबमधून निघून "मोठ्या माणसांच्या" पलंगावर चढतं. आपलं मूल मोठं झालं की खाली येतं. आई बाजेवरून खाली, मूल पाळण्यातून खाली, आणि दोघंही माजघरातल्या त्याच ओळीत. बदलतं ते शेजार. म्हणून "कुठे झोपलं" हा प्रश्न आपल्याकडे मुका राहतो आणि "कुणाशेजारी झोपलं" असं विचारलं की माणसं बोलायला लागतात.

हे मी एकटीच म्हणत नाही. जपानी शहरी कुटुंबांवर कॉडिल आणि प्लाथ यांचा १९६६ चा निबंध आहे, त्याचं शीर्षकच "कोण कुणाशेजारी झोपतं?" अशा अर्थाचं आहे. जागा कमी म्हणून सगळे एकत्र झोपतात एवढंच उत्तर पुरत नाही, हे त्यांनी दाखवलं. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९५ साली तोच धागा पुढे नेला, आणि त्यांची युक्ती तुम्ही तुमच्या कामात सरळ वापरू शकता. त्यांनी भुवनेश्वर आणि शिकागोतल्या लोकांना एक काल्पनिक कुटुंब दिलं आणि सांगितलं, यांची झोपायची व्यवस्था लावा. मग खोल्या कमी-जास्त करत गेले. माणूस "आमच्याकडे काय पद्धत" हे शब्दांत सांगू शकत नाही, पण कुणाला कुणाशेजारी ठेवायचं नाही हे पटकन सांगतो. भुवनेश्वरच्या उत्तरांत लहान, असहाय जिवाला एकटं ठेवायचं नाही हे तत्त्व ठळक दिसलं. शिकागोत नवरा-बायकोची खोली वेगळी ठेवण्याचा आग्रह दिसला. पाच-सहा काड्या आणि कागदावर काढलेलं घर एवढ्यावर हे करता येतं. फंडिंग लागत नाही.

मराठी घरात शेजार बदलण्याचा नेहमीचा क्षण म्हणजे पाठचं भावंड. पाळणा लागतो नव्या बाळाला, आईची कूसही लागते. थोरलं सरकतं आजीच्या गोधडीत. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना आई आणि आजी यांच्यामधली ती हालचाल आठवते, वय आठवत नाही. पण वय काढता येतं, आणि इथे जन्मदाखले कामाला येतात. दोन भावंडांच्या जन्मतारखा घ्या, थोरल्याचं तेव्हाचं वय काढा. पाळण्यातून उतरण्याची कमाल मर्यादा साधारण तिथे सापडते. (किमान मर्यादा मूल स्वतःच ठरवतं. पाळण्याची कड धरून उठायला लागलं की त्यात ठेवणं धोक्याचं. कापडाच्या झोळीत तर गळ्याला फास बसण्याची भीती खरी आहे, अशा घटना घडलेल्या आहेत.) बाप्तिस्मा-नोंदवहीत घरातल्या सगळ्या भावंडांच्या तारखा सलग मिळाल्या तर तीच वही, जी आत्ता मी निरुपयोगी म्हणाले, एकदम बोलायला लागते. ती वाचताना फक्त प्रश्न बदललेला हवा.

दुसरं साधन घर. जुन्या घरात माजघराच्या तुळईला लोखंडी कड्या असतात. पाळण्याच्या साखळ्या त्यांना अडकवायच्या. कडी कुठल्या खोलीत आहे, चुलीपासून किती लांब आहे, दारातून दिसते का, यावरून पाळणा हलवणारी बाई त्याच वेळी आणखी काय करत होती हे कळतं. कडीला गुळगुळीत झीज असते, तीही बघा. पुढे स्लॅबची घरं आली. स्लॅबला हूक असतो तो पंख्याचा. मग लोखंडी स्टँडचा पाळणा आला, जो खोलीतून खोलीत सरकवता येतो आणि मूल मोठं झाल्यावर त्यावर कपडे वाळत घालता येतात. यातलं काहीच संग्रहालयात नाही. आणि वसई-विरारमध्ये जुनी घरं ज्या वेगानं इमारतींना जागा देतायत तो वेग तुम्हाला माहीत आहे. महानगरपालिका झाली २००९ साली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती, आणि त्यानंतरची बांधकामं स्टेशनबाहेर पडलात की दिसतात.

आता ज्या एका ठिकाणी पाळण्यातून बाहेर पडण्याची नोंद सापडते तिकडे येते. ते ठिकाण म्हणजे पाळणाघर.

शब्द मजेशीर आहे. पाळणाघरातली बहुसंख्य मुलं पाळण्याच्या वयाची नसतातच. १९४८ च्या कारखाना कायद्यात तरतूद होती की ५० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला. म्हणजे कायद्याच्या लेखी मूल सहाव्या वर्षापर्यंत "पाळण्यात". त्यामागचा इतिहास कडू आहे. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवतात, हे १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशांत वारंवार आलंय. पाळणा हलवायला घरात कुणी नसेल तर काय होतं, याचं ते कागदावरचं उत्तर.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण याहून वेगळं आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड दोन्ही आजच्या पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत का येत नाहीत हे शोधताना त्यांना दिसलेल्या अडचणींतली एक ही, की थोरली मुलगी धाकट्याची झोळी हलवत बसलेली असते. शाळेत यायचं तर तिला त्याला घेऊनच यावं लागेल. त्यातून विकासवाडीची कल्पना आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. आता बघा काय झालं. घरात जे "असंच" होत होतं, ते इथे एका दारातून दुसऱ्या दारात जाणं झालं. मूल पाळणाघराच्या पटावरून उतरून बालवाडीच्या पटावर आलं. अंगणवाडी हा शब्दही याच कामातून रुळला, आणि १९७५ च्या एकात्मिक बाल विकास योजनेत तो देशभर गेला. पाळण्यातून बाहेर येण्याला कागद मिळाला तो थोरल्या बहिणीला मोकळं करण्याच्या खटपटीतून, हे मला या सगळ्या अभ्यासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. कुणाच्या झोपेचा इतिहास लिहायचा तर कोण जागं होतं ते विचारावं लागतं.

वसई-विरारमध्ये आज हाच प्रश्न लोकलच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे. विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी १८६७ च्या एप्रिलमध्ये सुटली. विजेची गाडी १९३६ मध्ये विरारपर्यंत आली. आज सकाळी आईबाप दोघंही गाडीत असतात आणि मूल इमारतीतल्या कुणा काकूंकडे. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही दिली. पण ते पाळणाघर कामाच्या ठिकाणी. अंधेरीला ऑफिस असेल तर एक-दीड वर्षाचं मूल घेऊन सकाळच्या विरार लोकलमध्ये चढणार कोण? म्हणून घराजवळच्या काकू. त्यांच्याकडे एक वही असते. मुलाचं नाव, वय, आणायची-न्यायची वेळ, फोन नंबर, दुपारी किती झोपला. संशोधक म्हणून त्या वहीकडे आदरानं बघा, पण परवानगीशिवाय हात लावू नका आणि नावं-नंबर उतरवून घेऊ नका. ती आजची नोंदवही आहे आणि त्यातली मुलं अजून मुलंच आहेत.

रात्रीचं काय? वन बीएचकेत आजीची गोधडी नाही. मूल पाळण्यातून आईबापांच्या डबल बेडवर येतं, तिथेच राहतं आणि कधीतरी हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर जातं. क्रिबही आता येतात, ऑनलाइन मागवतात, आणि त्यात धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. म्हणजे पाठचं भावंड आणि आजी हे दोन्ही निकष गेले, त्या जागी खोल्यांची संख्या आली.

एक धोक्याचा कंदील इथे लावते. या विषयावर बोलायला लागलं की दोन तयार निष्कर्ष हात जोडून उभे असतात. एक, आपली एकत्र झोपायची पद्धत किती मायेची, पाश्चात्त्य किती कोरडे. दोन, आपण किती मागासलेले, मुलाला स्वतःची खाट नाही. दोन्ही व्हायवात टाळ्या मिळवून देतील आणि दोन्ही तपासायला अवघड आहेत. वीटभट्टीवर झाडाला बांधलेली झोळी मायेचीही असते आणि नाइलाजाचीही. माजघरातल्या ओळीत सुनेला कुठे जागा होती, तिला रात्री मूल रडलं तर उठून कुणाच्या अंगावरून जावं लागायचं, हे विचारल्याशिवाय त्या ओळीला ऊबदार म्हणायचं नाही.

तर मुलाखतीला जाताना. "पाळणा कधी सोडला?" विचारू नका. "पाळणा पुढे कुणाला दिला?" विचारा. पाळणे नात्यात फिरतात, जावेकडे, नणंदेकडे, शेजारी, आणि वस्तू कुठे गेली हे बायकांना तारखेसकट आठवतं, कारण तिकडेही कुणीतरी जन्मलेलं असतं. "रात्री तुमच्या उजवीकडे कोण, डावीकडे कोण?" विचारा. "दुसरं झालं तेव्हा पहिलं कुणाकडे गेलं?" विचारा. आणि "ते रडलं का?" हेही विचारा. इथे बोलणारी बाई बहुतेक थांबते. घाई करू नका, रेकॉर्डर चालू राहू दे.

घर जुनं असेल तर निघायच्या आधी वर बघा. तुळईवरची कडी दिसली तर फोटो काढा, खोलीचा कच्चा नकाशा काढा, कडी ते जमीन आणि कडी ते चूल ही दोन अंतरं लिहून घ्या. पाच मीटरची टेप पुरते. कड्या दोन जोड्या असतील तर दोन्ही मोजा, आणि विचारा की दुसरी कधी ठोकली.